चार बोटं जास्त

ब्लाउजपीस मागितला की कमळाक्का आधी लोखंडी पट्टीने कापड मोजत. मग पट्टीच्या टोकापुढे आपली चार बोटं आडवी ठेवत, बोटांच्या पलीकडे कात्रीची बारीक खूण करत आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडत. ती चार बोटं कुणी मागितलेली नसत. गिऱ्हाईक नवीन असलं तर विचारायचं, "अक्का, जास्त झालं का?" कमळाक्का घडी घालता घालता म्हणत, "जास्त कुठलं? शिवणीत जातंय की ग."

कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. खण, ब्लाउजपीस, अस्तर आणि परकराचं कापड, एवढंच. साड्या ठेवत नसत. "साडीला बाया दुपार घालवतात आणि उद्या येतो म्हणतात," असं त्यांचं म्हणणं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझी रक्त तपासायची लॅब आहे. मध्ये अठरा पायऱ्या, उंच आणि अरुंद. रोज सकाळी त्यांच्या दुकानासमोरून जाऊन मी त्या चढते. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी 'सुईबाई'.

बुटक्या, सावळ्या, केसांचा छोटासा अंबाडा. चष्म्याला दोरी म्हणून खणाच्या काठाची पट्टी बांधलेली. घरी मराठी, बाजारात कानडी, सुरतेच्या व्यापाऱ्याशी फोनवर हिंदी आणि राग आला की परत मराठी. नवरा गेला तेव्हा पंधराव्या दिवशी त्या दुकानाच्या गादीवर येऊन बसल्या. लोक म्हणाले, इतक्या लवकर? त्या म्हणाल्या, "घरी बसून काय त्यांना परत आणू?" मांडी घालून गादीवर बसायचं, मागे हात करून कपाटातला गठ्ठा न बघता काढायचा, गिऱ्हाइकापुढे उलगडायचा, अशी वीस वर्षं गेली.

चहा त्या कधी एकटीने पीत नसत. आमच्याकडे एक चहा दोन पेल्यांत वाटून घ्यायची पद्धत आहे, त्याला बाय-टू म्हणतात. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आला की कमळाक्का जो समोर असेल त्याला अर्धा देत. दुकानात मदतीला असलेली रेणव्वा, गिऱ्हाईक, वीजबिल वाटणारा, मी. दिवसात असे आठ-नऊ अर्धे पेले होत. मिरची भज्यांचंही तेच, पेढ्याचंही तेच. हातात पूर्ण वस्तू आली की त्यांना ती मोडून दुसऱ्याला दिल्याशिवाय चैन पडत नसे. मी म्हणायची, "अक्का, एकदा तरी पूर्ण खा." त्या म्हणत, "अर्ध्यात पोट भरतंय. पूर्ण खाऊन झोप येती."

गुडघे गेले ते गादीवर. डावा जास्त. आधी उठताना कपाटाचा कोपरा धरू लागल्या, मग रेणव्वाचा खांदा, मग उठायचंच सोडलं. सकाळी रिक्षातून उतरून गादीवर बसवलं की संध्याकाळपर्यंत तिथेच. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून उपाशीपोटी खात. मला कळू देत नसत, कारण कळलं तर मी बोलेन.

त्यांचा मुलगा विनायक बेंगळुरूला कंपनीत आहे. माणूस वाईट नाही. आई अशी गोठून बसलेली त्याला बघवत नव्हती. त्याने दिवाळीनंतरची रजा टाकली, डावा गुडघा बदलायचं ठरवलं, डॉक्टर ठरवला. आणि उगादीची, म्हणजे पाडव्याची, एक अटही घातली. "आई, उगादीपर्यंत तू आपल्या पायावर दुकानात उभी राहिलीस तर दुकान तुझं. नाहीतर मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ. रोज तुला असं उचलून ठेवणं मला पटत नाही." कमळाक्का म्हणाल्या, "उगादीला अजून पुष्कळ दिवस आहेत."

ऑपरेशनआधीच्या तपासण्या आल्या. अठरा पायऱ्या चढणं त्यांना शक्य नव्हतं. मीच सुई आणि नळ्या घेऊन खाली गेले. गादीवर, हिरव्या खणांच्या ढिगावर त्यांचा हात ठेवून रक्त घेतलं. त्याआधी सवयीने त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत गुलाबी दिसायला हवं, ते अस्तराच्या मांजरपाटासारखं दिसत होतं.

हिमोग्लोबिन आठ पॉइंट सहा. त्यांच्या वयाच्या बाईला बारा तरी हवं.

हा आकडा मी त्यांना सांगितला आणि त्यांनी तो मुलाला फोनवर सांगितला, "विनू, माझं बीपी आठ झालंय म्हणे." विनायकने तिथून मला फोन केला तेव्हा तो जवळजवळ रडत होता. मी सांगितलं, बीपी ठीक आहे, एचबी आठ आहे. तो म्हणाला, "मग काही नाही ना?" मी म्हटलं, "मग पुष्कळ आहे."

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तारीख रद्द केली. विनायकची रजा वाया जाणार होती. तो म्हणाला, दोन बाटल्या रक्त चढवा आणि करून टाका. डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, "घाई असती, हाड मोडलं असतं, तर चढवलं असतं. गुडघा कुठं पळून जात नाही. रक्त कुठून जातंय ते आधी बघू या. एवढ्या कमी रक्तावर ऑपरेशन केलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करताना मला भीती वाटेल."

पोटात नळी घालून पाहिलं. जठराला जखम होती. दुखण्याच्या गोळ्यांनी केलेली, थोडं थोडं रक्त झिरपत राहणारी. त्या गोळ्या बंद झाल्या, पोटाचं औषध सुरू झालं आणि लोहाच्या तांबड्या गोळ्या मिळाल्या. महिन्याने पुन्हा रक्त बघायचं ठरलं. विनायक बेंगळुरूला परत गेला. जाताना मला म्हणाला, "मावशी, लक्ष ठेवा." मी खालीवर जाता-येता विचारायची, "अक्का, गोळी?" "घेतली की." हे रोज.

महिन्याने पुन्हा खाली जाऊन रक्त घेतलं. आठ पॉइंट आठ.

मी मशीन पुन्हा तपासलं. दुसऱ्यांदा रक्त लावलं. तेच आलं. महिनाभर लोह घेऊन एवढंच? पोटातून अजून जात असेल का, औषध लागू पडत नसेल का, असा विचार करत होते, तेवढ्यात रेणव्वा धापा टाकत वर आली. चेहरा पडलेला. हळूच म्हणाली, "ताई, मला परसाकडं काळं होतंय. कॅन्सर असतोय का?"

"कधीपासून?"

"महिना झाला."

"काही गोळ्याबिळ्या घेतेस?"

"नाही हो. अक्का देतात ती तांबडी तेवढी."

लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण मी तिला खुर्चीत बसवलं आणि तडक खाली गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी थांबले नाही.

"अक्का, गोळ्यांचं पाकीट दाखवा."

"आत्ता? बघतीस न्हवं, बाई आली आहे."

"दाखवा."

त्यांनी गादीखालून पाकीट काढलं. सगळं सुरळीत रिकामं होत आलेलं, एकही गोळी चुकलेली नाही. मी विचारलं, "यातल्या तुम्ही किती घेतल्या?"

"एक दिवस मी, एक दिवस रेणी. तिची पापणी बघ जा, माझ्यापेक्षा पांढरी आहे. तू माझी ओढून बघितलीस, मी तिची बघितली."

"आणि घेता कशाबरोबर?"

"चहाबरोबर. घशात अडकती नाहीतर."

गोळीचंही बाय-टू. आणि उरलेली अर्धी चहाबरोबर, म्हणजे चहाने अंगाला लागू न दिलेली. मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. मुलाची रजा गेली, महिना गेला, उगादी जवळ आली, मोबाइलवाला दोनदा दुकान मोजून गेला, सगळं बोलले. कमळाक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा गोळीत काय जातंय? अर्ध्यात भागतंय माझं."

तेव्हा समोर पडलेली लोखंडी पट्टी मी उचलली.

"ब्लाउजला किती कापड लागतं?"

"ऐंशी सेंटिमीटर."

"मग तुम्ही ऐंशीला का फाडत नाही?"

"शिवणीत..." म्हणाल्या आणि थांबल्या.

"ऑपरेशन म्हणजे शिवणच आहे. कापणार, शिवणार, त्यात रक्त जाणारच. कितीही चांगला शिंपी असला तरी जाणार. तुमच्याकडं मुळात ऐंशीच्या जागी साठ आहे. आणि त्यातलं तुम्ही रेणव्वाला फाडून देताय."

त्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साठात ब्लाउज होत नाही."

"होतो. बिनबाह्यांचा."

ताटकळलेली गिऱ्हाईक बाई फस्सकन हसली. कमळाक्का हसल्या नाहीत. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याजवळ ठेव. रोज एक खाली आणून दे. पण आधी रेणीचं बघ. तिचं वेगळं पाकीट आल्याशिवाय मी गिळणार नाही."

रेणव्वाचं रक्त मी तपासलं. नऊच्या आसपास होतं. तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे तपासून तिला तिच्या गोळ्या मिळाल्या. ते पाकीट कमळाक्कांनी स्वतः हातात घेऊन मोजून पाहिलं, मगच माझ्याकडून गोळी घेतली. लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तासांनी. आणि दिवस थोडे उरले म्हणून डॉक्टरांनी दोनदा सलाइनमधून लोह दिलं. ते चढत असताना बाटलीकडे बघून त्या म्हणाल्या, "रंग पक्का आहे. धुऊन जायचा नाही."

पुढचे दोन महिने त्यांना एक नवा नाद लागला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईची पापणी ओढून बघायची. खण घ्यायला आलेली नवरी असो, तिची आई असो. "इकडं बघ. वर बघ. साठच आहे हिचं. जा, वर सुईबाई बसली आहे." बाया बिचाऱ्या भांबावून माझ्याकडे येत आणि विचारत, "अक्का म्हणतात माझं साठ आहे. साठ म्हणजे काय?" समोरचा भांडीवाला मला म्हणायचा, "सुईबाई, अक्कांना कमिशन किती?" अक्का गादीवरून ओरडत, "तुझं पण बघते, ये. भांडी घासून पांढरा झालायस."

माझी पापणी त्यांनी ओढली नाही असं नाही. मी हात झटकला, म्हणाले, मला वेळ नाही. त्या म्हणाल्या, "शिंप्याचा सदरा नेहमी फाटका." दुसऱ्या दिवशी मी माझं रक्त लावून पाहिलं. काय आलं ते त्यांना सांगितलं नाही. गोळ्या मात्र सुरू केल्या.

संक्रांतीनंतर आकडा बारा पॉइंट तीन झाला. मी खाली जाऊन सांगितलं. कमळाक्कांनी गठ्ठ्यावर पट्टी ठेवली, टोकापुढे चार बोटं ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी सुताराला बोलावलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, नवा गुडघा मिळाला की जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. म्हणजे गादी गेली. सासऱ्यांच्या वेळची गादी. मला वाटलं, इथे त्या अडतील. त्यांनी रेणव्वाच्या खांद्याला धरून उभं राहून सुताराला आपल्या कमरेपर्यंतची उंची मोजायला लावली, वर चार बोटं धरायला सांगितली आणि म्हणाल्या, "टेबल असं कर की वाकावं लागू नये. उंच खुर्ची वेगळी." गादीतला कापूस पिंजून घेऊन त्याची खुर्चीला उशी केली. उरलेल्या कापसाचं विचारलंत तर तो रेणव्वाकडे गेला.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मी भेटायला गेले. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे त्या जाग्या होत्या. "सुतारच होता ग आत," त्या म्हणाल्या. "ठोकाठोक, करवत, सगळं ऐकलं. आपल्या टेबलवाल्यापेक्षा हात साफ वाटला." दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन आली. उभं केलं. चक्कर नाही. चार पावलं टाकली. मुलगी म्हणाली, "आज्जी, साकु." साकु म्हणजे पुरे. कमळाक्का म्हणाल्या, "अजून दोन," आणि टाकली.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना महिनाभर थांबायला वेळच नव्हता, रक्त कमी असतानाच ऑपरेशन करावं लागलं, रक्तही चढवावं लागलं. दोन दिवस उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि परत निजवावं लागे. कमळाक्का मला हळू आवाजात म्हणाल्या, "तिला मोजायलाच मिळालं नाही बिचारीला." चहा आला तेव्हा त्यांनी त्या बाईंबरोबर बाय-टू केला. मी डोळे वटारल्यावर म्हणाल्या, "चहाच आहे. माझी गोळी मी सकाळीच गिळली."

तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट मी विनायककडून मागवून घेतला आणि त्यांना फोन केला. "दहा पॉइंट दोन. शिवणीत दोन गेले."

"उरलंय ना?"

"उरलंय."

"मग ठेव फोन. मला चालायचंय."

घरी आल्यावर त्या उणकल भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर चालल्या. फिजिओच्या मुलीने त्यांना एक नियम शिकवला होता, पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. हा नियम त्यांनी रेणव्वाला पाठ करायला लावला, म्हणजे आपण चुकलो तर ती सांगेल. दुखायचं. रात्री बर्फ लावत. फोनवर मला एकदाच म्हणाल्या, "सुईबाई, दुखतंय ग फार," आणि मी काही बोलायच्या आत, "बरं, ठेव," म्हणून फोन ठेवला.

उगादीला दुकानाची पूजा झाली. विनायक आला होता. मोबाइलवालाही गल्लीत उभा होता, त्यालाही प्रसाद दिला. कमळाक्का नव्या टेबलामागे उभ्या होत्या, खुर्ची मागे असून बसल्या नव्हत्या. त्या दिवशीचा पहिला खण त्यांनी मोजला, चार बोटं ठेवली, फाडला. विनायकने तो हातात घेतला आणि म्हणाला, "आई, जास्त फाडलास." त्याला खरंच माहीत नव्हतं. कमळाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर निघून गेले, माझ्याकडे गर्दी होती.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर, मग थांबणं. अठरा पायऱ्यांना बराच वेळ लागला. दारात उभ्या राहून त्यांनी सगळी लॅब बघितली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. "एवढीशीच खोली?" म्हणाल्या. "मला वाटलं, काय मोठं असेल वर."

त्यानंतर चार वर्षं त्यांनी दुकान चालवलं. कुणी काढायला आलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच एक दिवस सांगितलं, "साकु." विनायकने विचारलं, मी आग्रह करतोय म्हणून का? त्या म्हणाल्या, "तुझं कोण ऐकतंय? मला कंटाळा आला." माल विकला, टेबल रेणव्वाला दिलं, तिने आपल्या घराच्या दारात भाजी मांडायला घेतलं. कमळाक्का बेंगळुरूला मुलाकडे जायला निघाल्या.

त्या दिवशी मी खाली गेले तेव्हा कपाटं रिकामी होती. एक तांबडा गठ्ठा तेवढा उरला होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि पट्टी उचलली. ऐंशी मोजले. चार बोटं ठेवली. मग तिथेच पुढे आणखी चार ठेवली.

"आठ कशाला?" मी म्हटलं.

"चार शिवणीला," त्या म्हणाल्या. पुढच्या चारांचं काही सांगितलं नाही. टर्रकन फाडलं.

रिक्षा आली. दुकानाची एकच पायरी. त्यांनी आधी डावा पाय खाली ठेवला, मग उजवा. आता त्याची गरज नव्हती, पण नियम तो नियम. कुणाचा हात न धरता रिक्षात बसल्या आणि रिक्षावाल्याला विचारलं, "जेवलास का? वर बघ जरा." तो वळून वर बघायला लागला. रिक्षा सुटेपर्यंत त्यांचा हात त्याच्या पापणीवर होता.

कापड मी कपाटात ठेवून दिलं नाही. त्याच आठवड्यात आमच्याच गावातल्या लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या शिंप्याकडे टाकलं. त्याने मापं घेतली, कापड पसरलं आणि विचारलं, "बाई, यात बरंच उरतंय. कापून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "आत शिवणीत राहू दे. लागतं कधीतरी."